वाटीत कॅल्शियम असूनही गेकोची हाडे मऊ का पडतात?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांनाही पुढील उत्तराचा संदर्भ लागेल. इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणाऱ्या आपल्या कुटुंबात मुलाच्या हट्टापायी ‘बुंदी’ नावाची लेपर्ड गेको या पालीच्या जातीची मादी आणली गेली. आज तिचे वय १४ महिने आणि वजन ३४ ग्रॅम आहे. गेल्या दीड महिन्यापासून ती पोट जमिनीवर घासत चालते, खालचा जबडा सुजल्यासारखा दिसतो, अळी पकडताना तिचा नेम चुकतो आणि तीन दिवसांपासून मागच्या पायांची बोटे मधूनमधून थरथरतात. तिचे मुख्य खाद्य मीलवर्म (भुंग्यासारख्या एका किड्याच्या अळ्या) असून रातकिडे आठवड्यातून एकदा मिळतात. टँकच्या कोपऱ्यात कॅल्शियमच्या पुडीची वाटी पहिल्या दिवसापासून आहे, तळाशी हीट मॅट आहे, काचेवर तबकडीचा थर्मामीटर चिकटवलेला आहे आणि ऊन मिळावे म्हणून टँक खिडकीशेजारी ठेवलेला आहे. आपण विचारता की पूड कायम समोर असताना कॅल्शियम कमी पडले कसे, आणि आता ती वाढवली तर हाडे पूर्ववत होतील का.

जे तातडीचे आहे ते प्रथम सांगतो. बोटांची थरथर ही केवळ अशक्तपणाची खूण नव्हे. स्नायू आणि मज्जातंतू यांना लागणारे रक्तातील कॅल्शियम आता शरीराला सांभाळता येईनासे झाले आहे असा तिचा अर्थ निघतो, आणि त्यापुढची पायरी झटके येण्याची असते. त्यामुळे सरपटणारे प्राणी नियमित तपासणाऱ्या पशुवैद्यकाची मिळेल ती पहिली वेळ घ्यावी, आणि झटका आलाच तर वेळेची वाट न पाहता थेट घेऊन जावे. तोवर तिला हातात घेऊ नका आणि जबडा सुजला आहे म्हणून तोंड उघडून पाहण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका, कारण अशा अवस्थेत नुसत्या बोटाच्या दाबाने जबड्याचे हाड मोडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. नेताना लहान डब्यात किचन रोलचा कागद अंथरून तिला त्यावर ठेवावे आणि गाडी आधी गरम करून घ्यावी. औषधाचा डोस मात्र मी येथे लिहिणार नाही. ३४ ग्रॅमच्या जिवाच्या बाबतीत दशांशचिन्ह एक घर सरकले तरी औषधाचे विष होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपल्याकडे लहान मुलांच्या मुडदुसाबद्दल जे ऐकलेले असते त्याच कुळातील हा आजार आहे, पण गेकोमध्ये त्याची यंत्रणा थोडी निराळी चालते. रक्तातील कॅल्शियमची पातळी खाली येऊ लागली की मानेजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि त्यांचे संप्रेरक हाडांमधून कॅल्शियम सोडवून रक्तात आणू लागते. हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन आणि मज्जातंतूंचे संदेश यांपैकी कशालाही थांबून चालत नाही, म्हणून शरीर हाडांचा बळी देते. रोजचा किराणा भरण्यासाठी घरातले दागिने एकेक करून मोडावेत तसा हा प्रकार असतो. चूल पेटलेली दिसते म्हणून शेजाऱ्यांना सारे ठीक वाटते आणि कपाट मात्र रिकामे होत जाते. म्हणूनच या आजारात रक्ताच्या तपासणीत एकूण कॅल्शियम पुष्कळदा ठीक दिसते, आणि जेव्हा ते खरोखर घसरते तेव्हा हाडांत मोडण्यासारखे फारसे उरलेले नसते. बुंदीची थरथर मला त्याच टप्प्यावरची वाटते. जबड्याची सूजही याच क्रियेतून येते. खनिज निघून गेलेल्या हाडाला आधार देण्यासाठी शरीर तेथे तंतुमय पेशीजाल भरते, त्यामुळे हाड जाड दिसते पण दाबले तर रबरासारखे वाकते. अळीवर नेम चुकतो याचे कारणही बहुधा डोळ्यांत नसून याच जबड्यात आहे, कारण तो नीट मिटत नाही आणि चावताना दुखतो.

आपल्या पत्रातील एक उल्लेख मला विशेष वाटला. सांगलीहून आलेल्या सासूबाई बुंदीला सरळ ‘पाल’ म्हणतात, आणि ही पाल जमिनीला चिकटून का चालते हे प्रथम त्यांनीच विचारले. निरोगी लेपर्ड गेको चारही पायांवर अंग उचलून, पोट जमिनीला न लागू देता चालतो. रोज पाहणाऱ्यांच्या नजरेला हळूहळू होणारा हा बदल जाणवत नाही, तो सहा महिन्यांनी पाहणाऱ्याला जाणवतो. सासूबाईंच्या मनात चुकचुकलेली शंकेची पाल अगदी खरी होती.

मग वाटीतल्या पुडीचे काय झाले? याचे उत्तर मला स्वतःला एका क्ष-किरण चित्राने शिकवले. माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात असाच पोट घासत चालणारा एक लेपर्ड गेको आला होता. त्याच्या टँकमध्ये तळाला कॅल्शियमची वाळू पसरलेली होती, आणि ती खाल्ली तरी पचते असे विकणाऱ्याने सांगितले होते. चित्र पडद्यावर आले तेव्हा पोटाच्या भागात एक लख्ख पांढरा गोळा दिसला. ती त्याने चाटलेली वाळू होती. त्याच चित्रात पाठीचा कणा इतका पुसट होता की मणके मोजण्यासाठी मला खोलीतला दिवा मालवावा लागला. कॅल्शियम त्या प्राण्याच्या आत भरपूर होते, फक्त ते आतड्यात होते आणि हाडांपर्यंत पोहोचलेले नव्हते. पुढची चूक माझी. मी वाळू काढायला सांगितली, कॅल्शियमचे औषध सुरू केले आणि त्याला घरी पाठवले. सहा आठवड्यांनी तो पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत परत आला, तेव्हा कुठे मी टँकमधले तापमान प्रत्यक्ष मोजून मागवले. सर्वांत उबदार कोपरा २४ अंश सेल्सिअसचा निघाला. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्याला मी कॅल्शियमबद्दल नंतर विचारतो आणि तापमानाबद्दल आधी.

तोंडातून गेलेले कॅल्शियम आतड्यातून पुरेसे शोषले जाण्यासाठी ड-३ जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप लागते. त्वचेतील एका मूळ द्रव्यावर साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) किरण पडले की ड-३ ची पूर्वावस्था तयार होते, शरीराच्या उबेने तिचे ड-३ मध्ये रूपांतर होते, मग त्यावर यकृतात एक आणि मूत्रपिंडात दुसरी प्रक्रिया होऊन ते कामाला लागते. यात ऊब दोनदा लागते हे लक्षात घ्यावे, एकदा त्वचेतील रूपांतराला आणि दुसऱ्यांदा पचनाला. गेकोला स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करता येत नाही. आपल्या बुंदीला बसण्याच्या उबदार जागी ३२ ते ३५ अंश, दुसऱ्या टोकाला २४ ते २६ अंश आणि रात्री २० च्या आसपास तापमान मिळायला हवे. काचेवर चिकटवलेला तबकडीचा थर्मामीटर काचेचे आणि तिच्या आसपासच्या हवेचे तापमान दाखवतो, तोही कित्येकदा काही अंशांनी चुकीचे. बुंदी ज्या दगडावर बसते त्या दगडाचे तापमान त्याला ठाऊक नसते. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर त्या दगडावर ठेवून दुपारी एकदा आणि पहाटे एकदा आकडा लिहून घ्या. इंग्लंडमध्ये थंडीत रात्री घराचे हीटिंग बंद केले की खोली १५ अंशांवर सहज येते, आणि एकट्या हीट मॅटला ती तूट भरून काढता येत नाही. वरून उष्णता देणारा दिवा किंवा हीटर आणि त्याला जोडलेला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला उष्णता आपोआप बंद-चालू करणारे यंत्र) ही जोडी माझ्या मते अनिवार्य आहे. थर्मोस्टॅटविना उष्णता दिली तर भाजल्याच्या जखमा घेऊन आपली माझ्यासारख्या कुणाशी तरी पुन्हा भेट होईल.

खिडकीविषयी बोलायचे तर खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते, आणि टँकची काच तेच काम पुन्हा करते. म्हणजे त्या खिडकीतून बुंदीला प्रकाश मिळाला, उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी टँक धोकादायक तापलाही असेल, पण ड-३ मिळाले नाही. शिवाय ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्या उन्हातूनही पुरेसे ड जीवनसत्त्व बनत नाही, म्हणूनच येथील आरोग्यसेवा त्या काळात सर्वांनाच रोज १० मायक्रोग्रॅम पूरक ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करायला सांगते आणि आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांना वर्षभर. आपल्या फडताळात त्या गोळ्या असतील, म्हणून स्पष्टच लिहितो की त्यांची पूड करून बुंदीला देऊ नका. १,००० युनिटची एक गोळी ३४ ग्रॅमच्या प्राण्याच्या पोटात गेली तर ते प्रमाण किलोमागे २९,००० युनिटांच्या वर जाते. ड-३ मेदात विरघळणारे असल्याने जादा झालेले सहज बाहेर पडत नाही, आणि मग हेच कॅल्शियम हाडांऐवजी मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साठू लागते. चांगल्या हेतूने केलेला हा उपाय मूळ आजारापेक्षा लवकर जीव घेतो.

लेपर्ड गेको निशाचर आहे, त्याला यूव्हीबी लागत नाही असे अनेक दुकानांत अजूनही सांगितले जाते. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील खडकाळ, कोरड्या मुलखातला हा प्राणी मुख्यतः संधिप्रकाशात फिरतो हे खरे, पण दिवसा तो कपारीतून शेपूट किंवा पाय बाहेर ठेवून थोडे ऊन घेतो. दिवसातून केवळ दोन तास यूव्हीबी दिलेल्या लेपर्ड गेकोंच्या रक्तात ड-३ ची पातळी वाढल्याचे अभ्यासात दिसले आहे. ड-३ असलेल्या पुडीवरही हे प्राणी वाढवता येतात, पिढ्यानपिढ्या वाढवलेही गेले आहेत. माझे मत मात्र सौम्य यूव्हीबी ट्यूबच्या बाजूचे आहे, कारण त्वचेत तयार होणारे ड-३ शरीर स्वतःच मर्यादेत ठेवते आणि पुडीतून दिलेल्याला तो लगाम नसतो. ट्यूब कमी ताकदीची असावी, तिच्याखाली लपायला आडोसा असावा, आणि मध्ये जाळी असेल तर ती किरणांचा बराच भाग खाते हे धरून अंतर ठरवावे. ट्यूब दिसायला उजळ राहिली तरी तिचे यूव्हीबी घटत जाते, म्हणून उत्पादकाने दिलेल्या मुदतीत, साधारणपणे वर्षभरात, ती बदलावी. बुंदी अल्बिनो (काळे रंगद्रव्य नसलेल्या) प्रकारातली असेल तर तिची त्वचा व डोळे या किरणांना अधिक हळवे असतात, तेव्हा प्रमाण आणखी कमी ठेवावे.

आता खाद्य. मीलवर्मच्या एक किलोत कॅल्शियम १७० मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस २,८०० हून अधिक, म्हणजे जवळपास एकास सतरा असे प्रमाण पडते. रातकिड्यांमध्ये ते एकास सात असते. गेकोच्या आहारात याच्या नेमके उलट, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दुप्पट असावे लागते. फॉस्फरस वाढला की तो कॅल्शियमचे शोषण अडवतो आणि पॅराथायरॉइडला आणखी चेतवतो. म्हणून केवळ मीलवर्मवर वाढलेल्या गेकोची शेपटी चरबीने गुबगुबीत होते, घरचे समाधानाने तिचे फोटो काढतात आणि आत हाडे पोकळ होत जातात. आपणही शेपटी जाड असल्याचे लिहिले आहे. ती चरबी आहे, तिच्यावरून हाडांचा अंदाज बांधता येत नाही. या वयाच्या मादीचे वजन सर्वसाधारणपणे ५० ग्रॅमच्या पुढे गेलेले असते, तेव्हा तिची वाढच खुंटली आहे असे मी म्हणेन.

वाटीतली पूड काही गेको चाटतात, काही ढुंकूनही पाहत नाहीत, आणि जो चाटतो तो गरजेइतकेच चाटतो असे समजायला आधार नाही. म्हणून पूड कीटकांवरच लावावी. जाड पिशवीत किंवा डब्यात चार-पाच कीटक आणि चिमूटभर पूड घालून हलवले की अनारशाला खसखस लागावी तसा पातळ थर बसतो. ते लगेच खायला द्यावेत, कारण रातकिडे आपले अंग साफ करून काही तासांत ती पूड झाडून टाकतात. ज्या रातकिड्याने रात्र टँकमध्ये काढली तो सकाळी कॅल्शियमविना पोटात जातो. पूड साध्या कॅल्शियम कार्बोनेटची, फॉस्फरस नसलेली असावी. यूव्हीबी ट्यूब असेल तर ड-३ व इतर जीवनसत्त्वे असलेली पूड आठवड्यातून एकदा पुरते आणि बाकी दिवशी साधी. ट्यूब नसेल तर हे प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. कीटकांना खायला घालण्याचे महत्त्वही तितकेच आहे. गाजर-बटाट्याच्या कापांवर रातकिडे जगतात, पण त्यांच्या पोटात कॅल्शियम जात नाही. आपल्या फ्रिजमधला पालक तर टाळाच, त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. केल, रॉकेट यांसारखी पाने आणि कॅल्शियमयुक्त तयार कीटकखाद्य दोन दिवस देऊन मगच ते कीटक बुंदीपुढे ठेवावेत. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्यांत कॅल्शियम फॉस्फरसहून मुळातच जास्त असते. मीलवर्म कायमचे बंद करण्याची गरज नाही, पण ते रोजचे जेवण राहू नयेत.

बुंदी मादी आहे, हाही एक मुद्दा आहे. नर सोबत नसला तरी वयात आलेली मादी निष्फळ अंडी तयार करू शकते, एका खेपेला बहुधा दोन, आणि त्यासाठी लागणारे कॅल्शियम याच रित्या कपाटातून निघते. उलट कॅल्शियम अपुरे पडले की अंडनलिकेचे स्नायू आकुंचन पावत नाहीत आणि अंडी अडकतात. पोटाच्या त्वचेतून दोन्ही बाजूंना पिवळसर पांढरे लांबट गोळे दिसत असतील तर तपासणीपूर्वी ते फोनवर सांगा, म्हणजे त्या दृष्टीने तयारी ठेवता येईल.

दवाखान्यात बहुधा काय होईल तेही सांगून ठेवतो. क्ष-किरण चित्र काढले जाईल. त्यात हाड पुसट दिसण्यासाठी खनिजाचा ३० ते ५० टक्के भाग आधीच गेलेला असावा लागतो, म्हणून चित्र बरे दिसले तरी आजार नाही असे कुणी म्हणणार नाही. या वजनाच्या प्राण्याचे रक्त जेमतेम ०.२ मिलिलिटर सुरक्षितपणे घेता येते. त्यात कॅल्शियमसोबत फॉस्फरस पाहणे माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे, कारण तो फार चढलेला असेल तर मूळ दुखणे मूत्रपिंडाचे असू शकते आणि मग उपचाराची दिशा बदलते. बुंदी एनिग्मा या रंगप्रकारातली आहे का हेही विचारले जाईल. त्या प्रकारात मान वाकडी होणे, गोल फिरणे, नेम चुकणे ही लक्षणे मज्जासंस्थेच्या जन्मजात दोषामुळे येतात आणि कॅल्शियमने ती बरी होत नाहीत, पण आपल्या वर्णनातला जबडा त्यात बसत नाही. थरथर जोरात असेल तर कॅल्शियमचे इंजेक्शन दिले जाईल, एरवी तोंडावाटे द्रव कॅल्शियम आणि मोजून दिलेले ड-३ यांवर काही आठवडे काढावे लागतील.

घरी परतल्यावर टँकमधले चढायचे दगड व फांद्या काढून टाका, तळाला कागद अंथरा, आडोसे बुटके ठेवा आणि पाण्याचे भांडे उथळ असू द्या. चावता येत नसेल तर मांसाहारी प्राण्यांसाठीचे पातळ पूरक अन्न ओठाच्या कडेला थेंबाने लावले की ती चाटते. जबडा उचकटून काहीही घालू नये. थरथर काही दिवसांत थांबावी, अंग उचलून चालण्याला काही आठवडे लागतील आणि हाडे घट्ट होण्यास कित्येक महिने. वाकलेला पाय किंवा जबड्याचा बदललेला आकार मात्र पूर्ववत होत नाही, हे मुलाला आताच सांगितलेले बरे. हाडे वाकलेली तशीच घट्ट होतात. वाकड्या जबड्याने वर्षानुवर्षे नीट खाणारे गेको माझ्याकडे तपासणीला येत राहिले आहेत, त्यांना फक्त लहान कीटक लागतात.

स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर, झाकण असलेल्या हलक्या डब्यात ठेवून, दर रविवारी तिचे वजन घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. तपासणीला जाताना तीन गोष्टी सोबत न्या: पुडीचा डबा, कारण त्यावर ड-३ किती आहे आणि मुदत कधी संपते हे लिहिलेले असते, दगडावर मोजलेले तापमानाचे दोन आकडे, आणि ती चालत असतानाचे अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण. दवाखान्याच्या टेबलावर गेको घाबरून एका जागी थिजतात, आणि ज्या चालीमुळे आपण आलात ती चाल तेथे कुणालाच पाहायला मिळत नाही.